बावीस आणि अठ्ठावन्न

१

कागद आधीच टाइप करून ठेवला होता. शालूबाईंनी फक्त खाली सही करायची होती.

"वाचायची काय गरज न्हाय, सिस्टर," हंबीरराव म्हणाले. "तुम्ही जे बोललासा, तेच लिवलंय."

शालूबाईंनी तरीही चष्मा लावला. ‘अपघातानंतर सेफ्टी ऑफिसर वृषभ मगदूम यांना पाणी देण्यास गेले असता त्यांच्या तोंडास दारूचा वास येत होता.’

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. वास येतोय, असं त्या म्हणाल्या होत्या खऱ्या. दारूचा, असं म्हटल्याचं काही केल्या आठवेना.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपलीकडे खापरीचा माळ आहे. तिथं हंबीररावांनी दोन वर्षांपूर्वी विमानातून पॅराशूटनं उड्या मारायचा क्लब काढला होता. एकतीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेल्या शालूबाई निवृत्तीनंतर शनिवार-रविवार तिथल्या प्रथमोपचाराच्या तंबूत बसत. मुरगळलेले पाय, खरचटलेली कोपरं, एवढंच काम असायचं.

काल, रविवारी, मात्र वर्षाराणी गेली. पंचवीस वर्षांची पोरगी, राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. तिची पहिलीच उडी. अशा उडीत नवख्या माणसाला इन्स्ट्रक्टरच्या छातीशी पट्ट्यांनी बांधतात आणि दोघं एकाच पॅराशूटखाली उतरतात. तिला बांधलं होतं यशराजशी, हंबीररावांच्या सख्ख्या भाच्याशी. पॅराशूट व्यवस्थित उघडलं. पण जमीन नारळाच्या झाडाएवढी खाली राहिली असताना यशराजनं एकदम वळण घेतलं. पॅराशूट तिरकं झालं आणि झोका घेऊन दोघं माळावर आदळली. पोरगी त्याच्या अंगाखाली सापडली. यशराजच्या मांडीचं हाड मोडलं. पोरीच्या मानेजवळची नाडी शालूबाईंच्या बोटांखालीच थांबली.

"वृषभनं जमिनीवरचा बाण उलटा लावला," हंबीरराव सांगत होते. "उतरायची दिशा दावणारा बाण. पिऊन आलता, दुसरं काय! यशराजला ऐनवेळी वळावं लागलं. सकाळी दारू तपासायच्या मशीनमधी फुंकल्याचं रजिस्टर हाय की. ह्ये बघा."

रजिस्टरवर सुबक अक्षरात लिहिलं होतं: वृषभ ५८. यशराज ००. पिराजी ००. उडी मारणारा असो की जमिनीवरून त्याला सोडणारा, माळावर आकडा शून्यच हवा, असा क्लबचा नियम होता.

शालूबाईंच्या डोळ्यांसमोर कालचा वृषभ आला. गवतात गुडघे टेकून बसलेला, ओठ फुटलेले, हात थरथरत असलेले. त्यांनी दिलेलं ग्लुकोजचं पाणी त्यानं हातात घेतलं, बघितलं आणि न पिताच खाली ठेवलं. उलटी होईल म्हणून पीत नसेल, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

"सही बुधवारी करते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"बुधवारी अकराला फौजदार येणार हाईत. तुमचा कागद हातात पडला की त्याला उचलतील." हंबीररावांनी पेनाला टोपण लावलं. "एका तुमच्याच शब्दावर अडलंय बघा."

शालूबाईंना नेमकं तेच खुपत होतं.

२

पत्र्याच्या शेडमध्ये लांबलचक टेबलावर पिराजी पॅराशूटची घडी घालत होता. दहा वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. त्याच्या हातची एकही घडी कधी अडकली नव्हती, आणि हे तो येईल त्याला सांगायचा.

"माझ्या घडीत काय खोट न्हवती, सिस्टर. आधीच सांगून ठिवतो."

"मी तुला कुठं काय म्हटलं? बाणाचं विचारायला आले होते."

पिराजीनं शेडच्या दाराकडं बघितलं, खिशातून मोबाईल काढला आणि पुढं धरला. पोरीच्या उडीचा व्हिडिओ त्यानं तिच्यासाठी म्हणून काढला होता. शालूबाईंनी मन घट्ट करून तो पाहिला. पडद्याच्या एका कोपऱ्यात वाऱ्याची पट्टेरी पिशवी फुगलेली होती, खाली गवतात पांढऱ्या कापडाचा बाण. पिशवी सांगत होती तेच बाण सांगत होता.

"बाण सरळ आहे की रे!"

"सरळच हुता. तंगड्या मोडून घ्यायला बाण कशाला लागतोय? गडी वरनंच ढिला येत हुता. उशिरा वळला, अन् वळला ते खसाकन वळला." त्यानं मोबाईल खिशात घातला. "झोपेतनं दचकून उठल्यागत."

"मग सकाळी मशीनवर काय झालं?"

पिराजी घडीवरून तळहात फिरवत राहिला. "ते न्हाय सांगायचं. माझी बायको म्हणती, तुझी जीभ तुला खाणार."

"बायकोला सांग, सिस्टर कुणाला सांगत नाही."

"तुम्ही सांगत न्हाईसा, पर लिवून तर काढताय." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "एवढंच सांगतो. मशीन तीनदा वरडलं. शून्याच्या वर आकडा गेला की वरडतंय ते. तीनदा वरडलं, अन् मी फुंकलं तवा गप बसलं."

बाहेर जीप थांबली. हंबीररावांचा आवाज ऐकताच पिराजीनं पाठ फिरवली.

शालूबाई तंबूकडे चालत निघाल्या. रजिस्टरमध्ये शून्याच्या वर गेलेला माणूस एकच होता. मग मशीन तीनदा कसं ओरडलं?

३

यशराजला राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. रविवारीच ऑपरेशन करून मांडीत सळई घातली होती. पाय उशीवर, उशाशी शहाळी आणि मित्रांनी आणलेला भला मोठा गुच्छ.

"या या, सिस्टर! बिस्किटं आणली का नुसतीच चौकशी?"

"चौकशीच. दुखतंय का?"

"दुखतंय की! पर पोरीचं आठवलं की जास्त दुखतंय." हे म्हणताना त्यानं खिडकीकडे बघितलं. ते खोटं नव्हतं, असं शालूबाईंना वाटलं. दुखणं खरं असून माणूस बाकीचं खोटं बोलू शकतो, हे त्यांनी वॉर्डात पुष्कळदा पाहिलं होतं.

"शनिवारी कुठं होतास?"

"दोस्ताच्या हळदीला गेलतो. जेवलो, नाचलो, लवकर आलो. आठला झोपलो."

"हळद किती वाजता लागली?"

यशराज थबकला. "सातला असंल."

तासाभरात हळद, जेवण, नाच आणि घर! शालूबाईंनी मान डोलावली. "आणि वृषभ?"

"त्येचं काय इचारताय! डोळं खोल गेल्यालं, हात लटपट, शेडपासनं मशीनपातूर येताना एकदा खांबाला धरून हुबा राहिला. इचारा कुणालाबी. एरवी आमाला ग्यान पाजायचा. झोप झाली न्हाय, तर माळावर यायचं न्हाय. पोटात अन्न न्हाय, तर यायचं न्हाय. आदल्या दिवशी घेतली आसंल, तर त्वांडच दाखवायचं न्हाय. आन् सोता बघा! मशीन वरडल्यावर आमी म्हणलं, सर, बावीस! तुमीबी आमच्यातलंच निघालासा की! लई हसलो."

"किती आलं म्हणालास?"

"बावीस."

"नक्की?"

"डोळ्यानं बघितलंय की. बा-वी-स."

बोलून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. मामानं काय लिहायला लावलं होतं ते त्याला तेव्हा आठवलं असावं. पण शालूबाई तोवर उठल्या होत्या. रजिस्टरात वृषभच्या नावापुढं अठ्ठावन्न होते.

४

क्लबचं ऑफिस मोना सांभाळायची. शालूबाईंनी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि रजिस्टर उघडून अठ्ठावन्नावर बोट ठेवलं. मोना रडायला लागली.

"मी नाही म्हणत होते हो, सिस्टर. मालक म्हणाले, पान फाड आणि नव्यानं लिही. मी म्हटलं, मला नाही जमणार. ते म्हणाले, मग उद्यापासनं येऊ नको."

"पान फाडलंस. मशीनचं काय केलंस?"

मोनानं डोळे पुसले. "त्याचं कुणी काही बोललंच नाही."

"त्यात जुने आकडे राहतात ना?"

खणातून तिनं मुठीएवढं काळं यंत्र काढलं, बटण दाबत दाबत मागं गेली आणि रविवारची सकाळ काढून दाखवली. नावं नव्हती, नुसत्या वेळा आणि आकडे.

सहा चाळीस, बावीस. सहा बेचाळीस, एकवीस. सहा पंचेचाळीस, अठ्ठावन्न. सहा सत्तेचाळीस, शून्य.

"पहिल्यांदा वृषभ सर," मोना बोट ठेवत म्हणाली. "त्यांचा विश्वास बसेना म्हणून त्यांनीच परत फुंकलं. मग यशराज. शेवटी पिराजीमामा."

तीनदा ओरडलं आणि चौथ्यांदा गप्प बसलं. पिराजी खरं बोलला होता. अठ्ठावन्न यशराजचे होते. हळदीची रात्र सकाळी पावणेसातला अजून त्याच्या श्वासात होती, आणि तसाच तो त्या पोरीला छातीशी बांधून विमानात चढला होता.

"मग त्याला सोडलं कुणी?"

"वृषभ सरांनी." मोना खाली मान घालून म्हणाली. "फिटनेसच्या कागदावर त्यांचीच सही आहे."

शालूबाई त्या पहिल्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. अठ्ठावन्न त्याचे नव्हते, हे कळून छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. पण बावीस म्हणजे काही शून्य नव्हे. तो वासही त्यांनी स्वतः घेतला होता. कमी का होईना, वृषभसुद्धा प्यालाच होता की काय?

५

मंगळवारी सकाळची पूजा आटोपून त्या एसटीनं कुरुंदवाडला गेल्या.

मगदुमांचं घर घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. वृषभची आई रत्नाबाई दारातच भेटली. वाळलेली, गोरी, कपाळापर्यंत पदर.

"या की अक्का, आत या. वृषभ बस्तीत गेलाय दर्शनाला, यील एवढ्यात."

बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. रत्नाबाईनं शालूबाईंना पाट दिला, पोह्यांची बशी दिली, ताक दिलं. स्वतः भिंतीला टेकून बसली, आणि बसताना तिनं जमिनीला हात टेकला.

"तुम्ही घ्या की थोडे."

"तुमी खावा. मला नको."

"अक्का, उद्या पोलीस येणार आहेत. वृषभ प्यालेला होता, असं लिहून द्यायला मला सांगितलंय."

रत्नाबाई काही ओरडली नाही. पुढं सरकली आणि शालूबाईंचा हात दोन्ही हातांत धरून अगदी जवळून म्हणाली, "माझ्या घरात मधसुद्धा चालत न्हाय, अक्का. दारू कुठली?"

आणि शालूबाईंच्या नाकाला तो वास लागला.

तोच. गोडूस, पिकून उतरलेल्या पेरूसारखा, नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखा. रविवारी माळावर घेतलेला. आणि त्याच्याही आधी, कितीतरी वर्षं आधी, दवाखान्यात. साखर हाताबाहेर गेलेल्या रोग्यांच्या तोंडाला यायचा. अन्न सोडलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडाला यायचा. शरीराला बाहेरून काही मिळेनासं झालं की ते आतली चरबी जाळतं, आणि त्या जळण्याचा वास श्वासातून बाहेर पडतो.

"अक्का, उपास आहे?"

रत्नाबाई जरा गोंधळली. "अष्टान्हिका हाय न्हवं. कार्तिकातली. आठ दिस."

"काय घेता?"

"दुपारच्याला एकदा पाणी. उकळून गार केल्यालं."

"आज कितवा?"

"सहावा. त्येचे वडील गेल्यापासनं आमी दोघंबी धरतो." मग घाईनं, "कुणाला सांगायचं नसतंय. तुमी इचारलं म्हणून."

शालूबाईंना ते वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांचे स्वतःचे सोमवार माळावर कुणालाच ठाऊक नव्हते. बोलून दाखवलेलं व्रत हलकं होतं, अशीच त्यांचीही समजूत होती.

दारात सावली पडली. वृषभ आत आला, चप्पल काढताना त्यानं चौकटीला धरलं.

"मी प्यालो नव्हतो, सिस्टर," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पण मशीन ओरडलं. दोनदा ओरडलं. का, तेच मला समजंना झालंय."

"मला समजलंय," शालूबाई म्हणाल्या. "अक्का, उद्या सकाळी माझ्याबरोबर माळावर येता का? एकदा त्या मशीनमध्ये फुंकायचंय."

६

बुधवारी रत्नाबाई आणि वृषभ आधीच क्लबच्या ऑफिसात येऊन बसले होते. अकराला फौजदार आले. त्यांच्यामागून वर्षाराणीची आई विठाबाई आली. ती कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. हंबीररावांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

"आधी एक बघू या," शालूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच बारीक होता. त्यांनी मशीनला नवी नळी लावली. "फौजदारसाहेब, तुम्ही फुंका."

फौजदारांनी हसत फुंकलं. शून्य. नळी बदलून पिराजीनं फुंकलं. शून्य.

"आता अक्का."

रत्नाबाईनं डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग फुंकलं. यंत्र कर्कश ओरडलं. पडद्यावर एकोणीस.

रत्नाबाई दचकून मागं सरली. वृषभ आईकडे धावला. "अव्वा, काही नाही. काही नाही झालं."

"ह्या काय प्यायल्यात?" फौजदार म्हणाले.

"दिवसातून एकदा गार केलेलं पाणी. आज सातवा दिवस. रविवारी वृषभचा चौथा होता. इतके दिवस पोटात अन्न नसलं की श्वासात एक द्रव्य येतं. असल्या साध्या मशीनला त्यातला आणि दारूतला फरक कळत नाही."

"अवो, निम्मं कोल्हापूर उपास करतंय!" हंबीरराव उसळले. "मग सगळी दारुडी काय?"

"आपला उपास साबुदाणा आणि वरीचा, हंबीरराव. त्यानं मशीन ओरडत नाही." शालूबाईंनी रविवारचे आकडे काढून यंत्र फौजदारांपुढं ठेवलं. "बावीस आणि एकवीस वृषभचे. अठ्ठावन्न यशराजचे. बावीस आल्याचं यशराज स्वतः माझ्याजवळ बोललाय. रजिस्टरचं पान मागाहून बदललंय."

मोनानं मान वर केली. "मी बदललं. मालकांनी सांगितलं म्हणून."

"आणि बाण सरळ होता. पिराजी, दाखव."

पिराजीनं एकदा हंबीररावांकडं बघितलं आणि मोबाईल फौजदारांच्या हातात दिला.

"रविवारी ऑपरेशनआधी दवाखान्यात यशराजचं रक्त काढलं असणार," शालूबाई पुढं म्हणाल्या. "नमुना शिल्लक असेल तर आजच ताब्यात घ्या."

हंबीरराव खुर्चीत मागं रेलले. "बिघडल्यालं मशीन हाय," ते पुटपुटले. "त्या दिवशी सगळीच म्हणत हुती."

"सगळे म्हणत होते, खरं आहे. आणि तिथंच सगळं चुकलं." शालूबाई वृषभकडे वळल्या. "मला एकच कोडं सुटत नव्हतं. तुझ्यासारख्या कडक माणसानं अठ्ठावन्नवाल्याला सोडलं कसं? तू आयुष्यात थेंब घेतला नाहीस. मशीननं तुलाच दारुडा म्हटलं. म्हणजे मशीनच खोटं, असं सगळ्यांनी धरलं. मग त्यानंतर ते यशराजवर ओरडलं, तेही खोटंच."

वृषभनं ते यंत्र जवळ ओढलं. आपण सुटलो, असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"मीच म्हणालो, जा," तो म्हणाला. "पिराजीमामाचं शून्य आलं, तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. बिघडलेलं मशीन एकाला बरोबर शून्य कसं दाखवेल? एवढा साधा विचार. पण डोकं चालतच नव्हतं. सगळं लांबून ऐकू आल्यासारखं वाटत होतं."

कोपऱ्यातून विठाबाईचा आवाज आला. "सर, माझी पोर घरातनं निघताना काय म्हणली, ठावं हाय? आई, भिऊ नको, तितलं सर लई धार्मिक हाईत, कसल्या नादाला न्हाईत. म्हणून मी धाडली." तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. "मजी मशीन खरं बोलत हुतं त्या गड्याचं?"

"हो, मावशी," वृषभ म्हणाला.

"आन् तुमच्यावर इस्वास ठिवून त्येला खोटं पाडलं."

रत्नाबाई उठून तिच्याजवळ गेली. विठाबाईनं हात हलवून तिला लांबच राहायला सांगितलं.

शालूबाईंनी टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या हातानं जबानी लिहायला घेतली. वास होता, पण दारूचा नव्हता. आकडे कुणाचे, पान कुणी बदललं, बाण कसा होता. खाली सही करून त्यांनी कागद फौजदारांकडे सरकवला.

"मगदूम, तुम्हाला जाता येईल," फौजदार म्हणाले. "लागलं तर बोलावू."

"सिस्टर, आणखी एक ओळ लिहा," वृषभ म्हणाला.

"काय?"

"सेफ्टी ऑफिसर चार दिवस उपाशी होता आणि त्यानं ते क्लबमध्ये कुणाला सांगितलं नाही. उपाशी माणसानं माळावर यायचं नाही, हा नियम त्यानंच केला होता. तो त्या दिवशी घरी राहिला असता, तर मशीन पहिल्यांदा ओरडलं असतं ते यशराजवरच."

"कशाला लिवून घेतोस रं?" पिराजी कळवळून म्हणाला. "सुटलास न्हवं!"

रत्नाबाई मुलाकडे बघत होती. शालूबाईंनी लेखणी उचलली आणि ती ओळ लिहिली. तो सांगत होता तशीच, एक शब्दही मऊ न करता.

वृषभनं उभ्यानंच टेबलावर वाकून सही केली. ‘मगदूम’ मधला म कागदावर ओरखडल्यासारखा उमटला आणि शेवटची रेघ ओळ सोडून खाली घसरली.

"सही वाकडी आलीय," फौजदार म्हणाले. "खाली परत एकदा करा, नीट."

"राहू दे, साहेब," वृषभ म्हणाला. "रविवारच्या कागदावरबी हाच हात होता."